चालू वर्तमानकाळ

“व्हॉट आर यू डूइंग?” कॅप्टन विजेरत्नांनी विचारलं.

“आय कॅच फिश.”

“नो.”

मी कठड्याला टेकून, समुद्रात गळ सोडून उभा होतो. कॅप्टन माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. उजवा पाय रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेवलेला, पावलाला फडकं गुंडाळलेलं.

“युअर फादर कॅचेस फिश,” ते म्हणाले. “एव्हरी डे. तो त्याचा धंदा. पण तू? आत्ता, या मिनिटाला?”

माझा बाप रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा. रोज होडी काढायचा, रोज मासे पकडायचा. म्हणजे तो ‘कॅचेस’. मी जहाजावरचा खलाशी, भाताबरोबर खायला काही उरलं नाही म्हणून गळ सोडून उभा राहिलेला. मी विचार करून म्हणालो, “आय अ‍ॅम कॅचिंग फिश.”

“गुड. अगेन.”

“आय अ‍ॅम कॅचिंग फिश.”

“कॅचिंग म्हणे,” पलीकडून अब्बासचाचा पुटपुटले. “सकाळपासनं एक शेपूट तरी दिसलंय काय रे?”

अब्बास सोलकर आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. रत्नागिरीच्या राजिवड्याचे. साठीला आलेले, उभा जन्म दर्यावर गेलेला. त्यांना इंग्रजी यायचं ते सगळं हुकमांचं. लेट गो, हीव्ह अप, स्लॅक अवे. सोड, ओढ, ढील दे. जहाजावर तेवढ्यावर भागतं. मलाही तेवढंच येत होतं. कॅप्टन श्रीलंकेतल्या गॉलचे. त्यांना मराठी नाही, हिंदी जेमतेम. ते इंग्रजीतच बोलायचे. इथे मी त्यांचं बरंचसं बोलणं आपल्या भाषेत सांगतोय.

आमचं जहाज ‘ओरियाना पर्ल’ आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. मालकाची कंपनी बुडाली, मालक फोन उचलेनासा झाला आणि तिथल्या कोर्टाने जहाज अटकवून ठेवलं. पासपोर्ट बंदराच्या ऑफिसात. किनारा समोर दिसायचा. दिवसा रस्त्यावरून गाड्या पळताना दिसायच्या, वारा तिकडून असला की मशिदीची बांग ऐकू यायची. पण उतरायची परवानगी नव्हती. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. बंदरवाल्यांनी दोनदा बोट पाठवून आठ जणांना घरी सोडलं. कॅप्टनला नियमाने जहाज सोडता येत नव्हतं, आणि नांगर सांभाळायला दोन माणसं हवी होती. सारंग आपणहून राहिले. दुसरा मी. लग्न झालेल्यांना आधी जाऊ द्या, असं मीच म्हणालो होतो. माझा साखरपुडा झाला होता, पावसच्या मृणालीशी. पण साखरपुडा म्हणजे काही लग्न नव्हे.

शिकवणी सुरू झाली ती माझ्या एका चुकीनंतर.

रमजानचे दिवस होते. अब्बासचाचा टाकीतल्या गंजक्या पाण्यावरही रोजे धरत होते. कॅप्टनना साखरेचा आजार. बंदरातल्या एजंटची बोट पंधरवड्याने तांदूळ, पाणी आणि त्यांचं इन्शुलिन आणायची, ती त्या वेळी आलीच नाही. पायाला लोखंडाची कड लागून झालेली जखम चिघळली आणि कॅप्टन तापाने फणफणले. शुद्धही धड नव्हती. रोज सकाळी हार्बर कंट्रोलला रेडिओवरून खुशाली कळवायला लागायची. ते काम कॅप्टनचं. त्या दिवशी ते माझ्यावर आलं.

“ओरियाना पर्ल, हाऊ इज युअर कॅप्टन?” पलीकडच्या माणसाने विचारलं.

मला सांगायचं होतं की कॅप्टन आजारी आहेत, रोज इन्शुलिन घेतात, आणि आता ते संपलंय. माझ्या तोंडून निघालं, “कॅप्टन टेक इन्शुलिन. एव्हरी डे टेक.”

“ही टेक्स इन्शुलिन? एव्हरी डे?”

“येस सर. एव्हरी डे.”

“व्हेरी गुड. कंटिन्यू,” तो म्हणाला, आणि रेडिओ बंद झाला.

मी खूश होऊन खाली आलो. “सांगितलं. बोट येईल,” असं अब्बासचाचांना म्हणालोसुद्धा. बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही आळीपाळीने ओली फडकी ठेवत बसलो. कॅप्टनचा ताप आपला आपण उतरला, पुढे कधीतरी एजंटची बोटही आली. बरं वाटल्यावर त्यांनी मला विचारलं, तू रेडिओवर नक्की काय बोललास? मी तेच शब्द म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तू त्यांना सांगितलंस की कॅप्टन रोज इन्शुलिन घेतो,” ते म्हणाले. “म्हणजे त्याच्याकडे इन्शुलिन आहे. म्हणजे सगळं ठीक आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात बंदराचा एक अधिकारी जहाज पाहायला आला. पांढरा गणवेश, काळा चष्मा. तो आणि कॅप्टन वर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, बराच वेळ बोलत होते. मी खाली दोरशिडी धरून उभा होतो. वरून आवाज येत होते, कळत काही नव्हतं. अधिकारी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टननी मला बोलावून समोर बसवलं. “टुडे वी स्टार्ट,” ते म्हणाले.

त्यांनी दोनच काळ घेतले. रोज जे घडतं ते, आणि आत्ता जे चाललंय ते. “रेडिओवर माणसाला एवढंच लागतं,” ते म्हणायचे. “मागचं आणि पुढचं कोणी विचारत नाही.”

मी भांडी घासत असलो की स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, काय करतोयस? नांगराची साखळी बघायला गेलो की लंगडत मागे. मी चुकलो की फक्त ‘नो’. रागावायचे नाहीत. बरोबर आलं की पुन्हा म्हणायला लावायचे. मला ते नीट समजलं ते मात्र अब्बासचाचांशी बोलताना. मी त्यांना समजावत होतो की बघा चाचा, रोजचं वेगळं, आत्ताचं वेगळं.

“अरे मग त्यात काय?” ते म्हणाले. “नळाला पाणी येतं, आणि पाणी येतंय, पळ बादली घेऊन. तेच ना?”

तेच होतं. येतं आणि येतंय. राहतो आणि राहतोय. जन्मभर जे न विचार करता बोलत होतो त्याला असे दोन कप्पे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी मराठीत बोलायचो, मग इंग्रजीत. चुका झपाट्याने कमी झाल्या. कॅप्टन सकाळचा रेडिओ माझ्या हातात देऊन मागे बसू लागले. हार्बर कंट्रोलवाला माझा आवाज ओळखू लागला. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. त्या लोखंडी पेटीत दुसरं होतं काय? इतक्या लांबच्या माणसाने आपल्याला ओळखावं, विचारावं, हेच मोठं वाटायचं. आणि कॅप्टन जीव लावतात असंही वाटायचं. बापाने कधी अक्षर शिकवलं नाही, हा परका माणूस दुखऱ्या पायाने माझ्यामागे फिरतोय.

एका संध्याकाळी ते म्हणाले, “जहाजाबद्दल सांग. रोजचं.”

मी सुरू झालो. वी वेक अप. वी ईट राइस. वी लुक अ‍ॅट द शोअर. वी वेट. वाक्यं भराभर येत होती, एकही चूक नाही. मग मी म्हणालो, “वी लिव्ह हिअर,” आणि माझा मलाच धक्का बसला. भात खातो, किनाऱ्याकडे बघतो, वाट बघतो, इथे राहतो. सगळं रोजच्या कप्प्यात जाऊन बसलं होतं.

“नो,” कॅप्टन म्हणाले. “तू रत्नागिरीत राहतोस. यू लिव्ह इन रत्नागिरी. इथे तू सध्या राहतोयस. यू आर स्टेइंग. हे कधी विसरू नको.”

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. किनाऱ्यावरचे दिवे लागायला लागले होते, तिकडे बघत होते.

पुढे इन्शुलिन पुन्हा संपलं आणि त्यांचा पाय बिघडतच गेला. बोटं आधी निळसर, मग काळी. वास यायला लागला. अब्बासचाचा मिठाच्या पाण्याने जखम धुवायचे आणि बाहेर येऊन माझ्याजवळ कपाळावर हात मारायचे. एके सकाळी कॅप्टननी मला जवळ बोलावलं. “आज डॉक्टर माग,” ते म्हणाले. “मी काही सांगणार नाही. तुझं तू बोल.”

मी रेडिओ उचलला. बटण दाबलं.

“हार्बर कंट्रोल, धिस इज ओरियाना पर्ल. वी कॉल यू एव्हरी डे. टुडे वी आर आस्किंग फॉर अ डॉक्टर. द कॅप्टन टेक्स इन्शुलिन, बट नाऊ ही इज नॉट टेकिंग इट. देअर इज नो इन्शुलिन. हिज फूट इज टर्निंग ब्लॅक.”

पलीकडे रोजचाच माणूस होता. तो म्हणाला, “से अगेन, ओरियाना पर्ल.”

मी पुन्हा म्हणालो. अगदी तसंच, सावकाश.

दुपारच्या आत बोट आली. डॉक्टर, एजंट, आणि तो काळ्या चष्म्याचा अधिकारी. अब्बासचाचांनी मला कवटाळलं. “शाबास रे वासू. साहेबाचा जीव वाचवलास.” कॅप्टनना स्ट्रेचरवर बांधून बोटीत उतरवायची तयारी सुरू झाली. मी दोर सोडत होतो. अधिकारी आणि एजंट माझ्या पाठीशी उभे राहून आपसात बोलत होते. पूर्वी असले आवाज कानावरून वाहून जायचे. आता शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता.

“धिस इज द मॅन,” अधिकारी म्हणाला. “कॅप्टन इज ट्रेनिंग हिम सिन्स रमजान. ही विल स्टे हिअर. द ओल्ड मॅन गोज होम.”

माझे हात थांबले. दोर ताणला गेला, स्ट्रेचर हवेत एका बाजूला कलला आणि अब्बासचाचा ओरडले, “अरे लक्ष कुठाय?”

मी दोर सावरला. कॅप्टन बोटीत पोचले. मग अधिकाऱ्याने मला समोर घेऊन तेच नीट सांगितलं. जहाज लिलावात विकलं जाईपर्यंत रिकामं ठेवता येत नाही. आता एकच माणूस पुरे, पण रेडिओवर बोलू शकणारा हवा. असा माणूस मिळाला की तुम्हाला उतरता येईल, हे त्याने कॅप्टनना आधीच कळवलं होतं. बाकी कुणाला अडवायचं कारण नाही. “युअर इंग्लिश इज व्हेरी गुड,” असंही म्हणाला.

“काय म्हणतोय तो?” अब्बासचाचांनी विचारलं.

मी सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग वाकून त्यांनी बोटीत बघितलं. कॅप्टन वर तोंड करून पडले होते, डोळे उघडे.

“म्हणजे तुला शिकवत नव्हता,” अब्बासचाचा म्हणाले. “तुला इथे बसवत होता.”

“तसं नसेल चाचा.”

“नसेल कसं? माझ्या देखत शिकवत होता, आणि मी येड्यासारखा हसत होतो.” ते अधिकाऱ्याकडे वळले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाले, “मी. मी स्टे. बॉय गो होम.”

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे आपला छोटा रेडिओ धरला. “स्पीक,” म्हणाला.

चाचांनी रेडिओ हातात घेतला. बटण दाबलं. त्यांचे ओठ हलले. हीव्ह अप आणि लेट गो यापलीकडचं काही त्यांच्या तोंडून निघेना. निघणार कुठून? अधिकाऱ्याने रेडिओ काढून घेतला, फार हळुवारपणे, हे मला अजून आठवतं.

बोट सुटताना अब्बासचाचा कॅप्टनकडे पाठ करून बसले होते. कॅप्टननी माझ्याकडे बघून एक हात वर केला. मी केला नाही.

पुढचे पाच महिने मी एकटा होतो. त्याबद्दल मी घरीही फारसं बोलत नाही. डिझेल संपलं, त्यामुळे दिवे नाहीत, फोन नाही. रेडिओच्या बॅटऱ्या तेवढ्या एजंटचा माणूस बदलून द्यायचा. लोखंड दिवसा तापून कडकड वाजायचं, आणि कुणीतरी चालतंय असं वाटून मी दार उघडायचो. एकदा एजंटच्या माणसाच्या फोनवरून घरी बोललो तेव्हा आईने सांगितलं, मृणालीच्या वडलांनी साखरपुडा मोडला. पोरगा कधी येणार ते सांगा, असं ते विचारायला आले होते आणि आईबापांना काही सांगता आलं नाही. मी तरी काय सांगणार होतो? तिचं लग्न पुढे चिपळुणात झालं. काही वर्षांनी माझंही झालं, दुसरीशी, आणि बरं चाललंय. पण त्या दिवशी फोन परत देताना माझ्या डोळ्यांसमोर मृणाली नव्हती, कॅप्टन होते.

मी मनात वाक्यं जुळवायला लागलो. भेटले तर काय बोलायचं त्याची. इंग्रजीत, एक चूक न करता. रोज त्यात भर घालायचो.

सुटलो तोही बोलण्यामुळेच. हार्बर कंट्रोल रोज ‘एव्हरीथिंग ओके?’ विचारायचा, मी रोज ‘ओके’ म्हणायचो. एका सकाळी म्हणालो नाही. सोळा नंबरचा चॅनेल सगळी जहाजं ऐकतात. मी त्यावर गेलो आणि बोलत राहिलो. मी या जहाजावर एकटा आहे. मी गंजलेलं पाणी पितोय. मी रत्नागिरीत राहतो, इथे मला अडकवून ठेवलंय. कंट्रोलवाल्याने गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोललो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी एका येणाऱ्या जहाजावरून आवाज आला, “ओरियाना पर्ल, वी आर लिसनिंग टू यू.” त्या जहाजाच्या लोकांनी खलाशांच्या संघटनेला कळवलं. संघटनेचा माणूस कागद घेऊन कोर्टात गेला. जहाजावर पगारी पहारेकरी नेमले, आळीपाळीने येणारे, आणि मला उतरवलं.

जमिनीवर पाय ठेवल्यावर मला धड चालता येईना. संघटनेच्या माणसाने पासपोर्ट हातात दिला आणि म्हणाला, संध्याकाळचं विमान आहे, काही हवं का? मी म्हणालो, मला एका माणसाला भेटायचंय.

कॅप्टन त्याच शहरात होते. त्यांचेही कागद कुठेतरी अडकले होते. सरकारी वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते, केस पार पांढरे झालेले. उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट होती.

“यू केम,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?” मी इंग्रजीत विचारलं.

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“तो अधिकारी आला त्या दिवसापासून. बोलणारा माणूस दे आणि उतर, असं तो म्हणाला. सारंगला या वयात जमलं नसतं. तू होतास.” ते थांबले. “सांगितलं असतं तर तू शिकला असतास?”

“नाही.”

“मलाही तसंच वाटलं.”

माझी वाक्यं तयार होती. पाच महिने घासूनपुसून ठेवलेली. मी पहिलं उचललं, “यू आर...” आणि तिथेच अडलो. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. कॅप्टनलाही यू, कुत्र्यालाही यू. मला त्यांना ‘तू’ म्हणायचं होतं. तोंडावर, मोठ्याने.

“तू मला फसवलंस!” मी मराठीत ओरडलो. “तुझ्या उशाशी ओली फडकी घेऊन बसलो मी. तुझा पाय धुतला त्या म्हाताऱ्याने. आणि तू आम्हाला एक शब्द सांगितला नाहीस! नीट विचारलं असतंस तर कदाचित राहिलोही असतो. विचारायचं तरी होतंस की नाही? माझं ठरलेलं लग्न गेलं. आई रोज धक्क्यावर जाऊन बसत होती, ठाऊक आहे तुला? रात्री लोखंड वाजायचं आणि मी दार उघडायचो. कोण असणार होतं तिथे?”

वॉर्डातली माणसं उठून बघायला लागली. एक नर्स धावत आली आणि माझा दंड धरून मला बाहेर काढायला लागली. कॅप्टननी हात वर केला.

“त्याला बोलू द्या,” ते तिला म्हणाले. “तिथे ऐकायला कोणी नव्हतं.”

तिने दंड सोडला. मी बोलत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्यांना त्यातला एकही शब्द कळत नव्हता, आणि त्यांनी एकदाही नजर दुसरीकडे वळवली नाही. शेवटी घसा सुकला. बोलण्यासारखं आणखी बरंच होतं, पण आवाजच उरला नाही.

माफी त्यांनी मागितली नाही. खाटेवरून वाकून, एका हाताने कडेला धरून, त्यांनी भिंतीजवळची खुर्ची माझ्याकडे ओढली. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

“सिट,” ते म्हणाले.

दाराशी संघटनेचा माणूस मनगटावरचं घड्याळ दाखवत उभा होता. मी त्याला हातानेच थांब म्हणालो, आणि बसलो.